हा गोल्फ कोर्स मला पाण्यात पाहतो!

स्लाइसकर
मंडळी, परवा एका रिसॉर्टच्या कोर्सवर खेळून आलो. नाव मुद्दाम घेत नाही, कारण तक्रार कोर्सबद्दल आहे की स्वतःबद्दल, हे अजून ठरलेलं नाही. १८ पैकी १४ होल्सवर पाणी. कुठे डाव्या अंगाला तळं, कुठे उजव्या, कुठे टीच्या (जिथून होलचा पहिला फटका मारतात त्या जागेच्या) पुढ्यातच. १६ वा होल तर असा की ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या हिरवळीच्या, चहूबाजूंनी पाणी आणि मागून जेमतेम माणूस चालेल एवढी वाट. निघताना बॅगेत १५ बॉल होते. परत आलो तेव्हा ४. त्यातला एक माझा नव्हता.

माझा हँडिकॅप १९, म्हणजे पारपेक्षा (ठरलेल्या फटक्यांपेक्षा) चांगल्या दिवशी साधारण १९ फटके जास्त. नेहमीच्या कोर्सवर नव्वदीच्या मध्यात असतो. इथे १३ व्या होलनंतर आकडे लिहायचं सोडलं. सगळ्यात लागलं ते ७ व्या होलचं. पार ३, पाण्यावरून १४५ यार्ड. सात नंबर आयर्न (नंबर जितका लहान, क्लब तितका लांब मारतो), जो मी एरवी गप्पा मारत मारतो. टीवर उभा राहिलो, पाण्यात ढग दिसत होते, आणि पोटात काहीतरी हललं. बॉल टॉप झाला, म्हणजे क्लब नुसता डोक्याला लागला. पाण्यावर दोन टप्पे खाल्ले (एक क्षण वाटलं, पोचतोय की काय!) आणि गेला. दुसरा फॅट (क्लब आधी जमिनीत). तिसरा पोचला, तो थेट पलीकडच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात). आठ.

तर प्रश्न दोन. असले कोर्स मुद्दाम का बांधतात? सुट्टीवर आलेल्या माणसाला सुख द्यायचं की त्याचा पाणउतारा करायचा? आणि पुढच्या महिन्यात त्याच ग्रूपबरोबर तिथेच पुन्हा जायचंय. काय केलं म्हणजे निदान बॉल तरी घरी येतील?

टप्पा
४ आले, त्यात एक परका. म्हणजे १२ बुडीत खात्यात. तो परका कोणाचा, ते आधी सांगा.

स्लाइसकर
११ व्या होलवर काठाच्या गवतात माझा शोधताना सापडला. हिरव्या पेनने तीन ठिपके काढलेले. माझा काही मिळाला नाही.

कोरडा_पाषाण
पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: आळस. पाणी टाकलं की होल आपोआप अवघड झाला, डोकं चालवायची गरज नाही. बंकरमध्ये बॉल गेला की पुढे काहीतरी घडतं. वाळू भिजलेली आहे का, ओठ किती उंच, बाजूला काढून घ्यायचा की ग्रीन गाठायचं. उंच गवतात गेला तरी तेच. पाण्यात गेला की विषय संपला. दंड घ्या, पुढे चला. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर पाणी म्हणजे पहिल्या आणि अठराव्या होलला लागणारा तो चिमुकला स्विल्कन बर्न (ओढा), बास. तरी तिथे भलेभले रडले आहेत. वारा आणि जमीन पुरते हो.

बंकरवासी
पाषाणराव, लिंक्सचं (समुद्रकाठच्या तसल्या जुन्या धाटणीच्या कोर्सचं) कौतुक मान्य, पण गोल्फमधला सर्वांत गाजलेला ओला प्रसंग लिंक्सवरचाच आहे. १९९९ ची ब्रिटिश ओपन, कार्नुस्टी. शेवटच्या होलवर ज्याँ व्हान डी व्हेल्ड तीन स्ट्रोक्सनी पुढे. सहा केले असते तरी जिंकला असता. त्याचा बॉल बॅरी बर्नमध्ये गेला, हा पठ्ठ्या बूट-मोजे काढून, पँट दुमडून ओढ्यात उतरला. बराच वेळ तिथे उभा राहून विचार करत होता. मग शहाणपण सुचलं आणि दंड घेऊन ड्रॉप केला, म्हणजे एक स्ट्रोक जादा मोजून बॉल बाहेर टाकला. शेवटी सात, आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. विषय संपला म्हणता? पंचवीस वर्षं उलटली, आपण अजून बोलतोय.

स्लाइसकर, १६ वा होल बेट म्हणालात त्यावरून मला कोर्स ओळखू आला. मीही नाव घेत नाही. माझ्याही जखमा ताज्या आहेत.

टप्पा
'पाणी जोखणे' म्हणजे काय हे त्या फ्रेंच माणसाने प्रात्यक्षिकासह दाखवलं.

साळुंकी
"असले कोर्स का बांधतात" याचं उत्तर आळस नाही, माती आहे. रिसॉर्टला मिळणारी जमीन पुष्कळदा सपाट आणि दलदलीची असते. तिथे फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) कोरडा ठेवायचा तर तो उचलावा लागतो, त्याला भराव लागतो. भराव बाहेरून आणण्यापेक्षा तिथेच खणतात. खणलं की खड्डा, आणि जिथे भूजल वरच आहे तिथे खड्डा म्हणजे तळं. मग त्याच तळ्यात पावसाचं पाणी साठवायचं, त्यावरच गवत जगवायचं, आणि खोल्यांच्या खिडक्या त्याच्याकडे वळवायच्या. एका खड्ड्यात चार कामं. तुमचा बॉल हे पाचवं.

टीपीसी सॉग्रासचा १७ वा होल असाच झाला. फ्लोरिडातली दलदल, पीट डायने कोर्स आखला, १९८० साली उघडला. १७ व्या होलच्या जागी उत्तम वाळू लागली म्हणून बाकीच्या होल्ससाठी तिथूनच उपसत गेले. शेवटी होल करायला जमीनच उरली नाही, उरला एक भलामोठा खड्डा. मूळ आराखड्यात ग्रीनच्या एका बाजूला छोटंसं तळं होतं फक्त. खड्ड्याकडे बघून "सगळंच पाणी करून टाका, मध्ये ग्रीन ठेवा" हे सुचवलं पीटच्या बायकोने, अ‍ॅलिस डायने. ती स्वतः उत्तम खेळाडू आणि कोर्स आर्किटेक्ट होती. श्रेय बहुतेक जण नवऱ्याला देऊन मोकळे होतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

कोरडा_पाषाण
म्हणजे अपघात. माझा मुद्दा सिद्ध झाला. एका खड्ड्यातून निघालेल्या होलची नंतर जगभर नक्कल झाली, जिथे खड्डा नव्हता तिथे मुद्दाम खणून.

साळुंकी
नक्कल झाली हे खरं. पण पहिल्याला आळस म्हणू नका.

दवबिंदू
मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, पण धागा सोडवत नाहीये. एक बाळबोध प्रश्न: बॉल पाण्यावर तरंगत नाही का? जाळी घेऊन काढता येणार नाहीत?

गणिती_किडा
बाळबोध अजिबात नाही. नियमाप्रमाणे बॉलचा व्यास किमान ४२.६७ मिमी आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. या व्यासाच्या गोळ्याचं आकारमान येतं सुमारे ४०.७ घन सेंमी. भागाकार केला की घनता १.१३. पाण्याची १. म्हणून बुडतो. मृत समुद्राच्या पाण्याची घनता १.२४ च्या आसपास आहे, तिथे कोर्स बांधला तर स्लाइसकरांचे १२ च्या १२ वर येतील. काही ड्रायव्हिंग रेंज तळ्यावरच असतात, तिथे मुद्दाम हलके, तरंगणारे बॉल वापरतात. खरे बॉल तळाशी.

आता मूळ प्रश्न. स्लाइसकर, मला तीन गोष्टी हव्यात. कोणत्या टीवरून खेळलात? तिथून स्लोप (कोर्स सामान्य खेळाडूला किती नडतो याचा आकडा) किती होता? आणि सात नंबरने १४५ जातो हे कसं ठरवलंत?

स्लाइसकर
मागच्या टीवरून. ग्रूपमधल्या दोघांचा हँडिकॅप एकेरी आकड्यात आहे, ते जिथून खेळले तिथूनच सगळे. स्लोप १४१. सात नंबरचं म्हणाल तर रेंजवर जातो ना १४५!

टेकाड्या
अहो, मग लेडीज टीवरून खेळा की गुपचूप. कोण बघतंय?

साळुंकी
टेकाड्या, "लेडीज टी" असं काही नसतं. पुढची टी असते, मधली टी असते, मागची असते. आमच्या क्लबात एक काका ऐंशीच्या घरात आहेत, पुढून खेळतात आणि भल्याभल्यांना हरवतात. आणि मी मधल्या टीवरून तुम्हाला हरवेन.

टेकाड्या
शब्द मागे घेतो. आव्हान स्वीकारत नाही.

गणिती_किडा
अपेक्षित उत्तर आलं. स्लोप ११३ हा मध्य धरतात, कमाल १५५. १४१ म्हणजे कोर्स तुमच्यासारख्याला चांगलाच नडणार हे त्यांनी कार्डावरच छापलंय. १९ गुणिले १४१ भागिले ११३, उत्तर २३.७. रेटिंग (कसलेल्या खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) आणि पारमधल्या फरकाची दुरुस्ती वेगळी, पण ढोबळमानाने त्या दिवशी तुमचा हँडिकॅप १९ नव्हता, २४ होता. आठ मारलेत म्हणून गळा काढू नका. पार ३ वर तुम्हाला एक स्ट्रोक मिळत असेल तर हँडिकॅपच्या हिशेबात नेट डबल बोगीच्या (पार, अधिक दोन, अधिक तो मिळालेला स्ट्रोक) वर मोजतच नाहीत, म्हणजे तुमचा आठ तिथे सहा.

आता सात नंबर. "रेंजवर जातो" म्हणजे सगळ्यात चांगला बसलेला जातो. आपण लक्षात तोच ठेवतो. एक काम करा. रेंजवर दहा बॉल घ्या, एकही माफ न करता दहाही मारा, आणि प्रत्येक जमिनीला कुठे टेकला ते लिहा. घरंगळत कुठे गेला ते नाही, टेकला कुठे ते. पाण्यावर बॉल घरंगळत नाही. मग इथे येऊन सांगा.

सात_नंबरी
माझ्या टोपणनावाची बदनामी थांबवा.

स्लाइसकर, एक शंका. बाजूच्या तळ्यात बॉल गेल्यावर ड्रॉप कुठे घेत होता? पहिल्यांदा जाणारे यात हमखास चुकतात.

स्लाइसकर
जिथे बुडाला त्याच्या समोर काठावर. बरोबर ना?

सात_नंबरी
चूक! आणि नशीब की कोणी बघितलं नाही. बॉल बुडाला कुठे याला किंमत नाही. तो पाण्याची हद्द शेवटची कुठे ओलांडून आत गेला, तो बिंदू धरायचा. तुमच्यासारखा स्लाइस मारणारा, म्हणजे बॉल उजवीकडे वळवणारा, माणूस (हलके घ्या) असेल तर बॉल १२० यार्डांवर हद्द ओलांडतो आणि १८० वर बुडतो. तुम्ही दर वेळी साठ यार्ड फुकट खाल्लेत.

खुंट्यांचा रंग बघायचा. लाल असेल तर त्या बिंदूपासून दोन क्लबांच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता ड्रॉप. पिवळा असेल तर ही सवलत नाही. मग एक तर तो बिंदू आणि झेंडा एका रेषेत ठेवून हवं तेवढं मागे जा, नाही तर जिथून मारला तिथूनच परत मारा. हे दोन पर्याय लाललाही आहेतच. दंड सगळीकडे एकच स्ट्रोक. आणि ड्रॉप आता गुडघ्याच्या उंचीवरून, २०१९ पासून. खांद्यावरून टाकणारे अजून दिसतात, त्यांना प्रेमाने सांगा.

तेव्हापासून नियमाच्या पुस्तकात 'वॉटर हॅझर्ड' हा शब्दही गेला, 'पेनल्टी एरिया' आला. आत उभं राहून मारायचं असेल तर क्लब जमिनीला किंवा पाण्याला टेकवायला आता परवानगी आहे. पूर्वी त्यालाही दंड होता.

माळावरची
परवानगी आहे म्हणून कोणी आत उतरू नका. आमच्याकडे एक प्रसंग झालाय. नवऱ्याकडे ती लांब होणारी दांडी आहे, टोकाला वाटीसारखं असतं, पाण्यातले बॉल उचलायची. काठापासून चार हातांवर बॉल स्वच्छ दिसत होता. "हा तर माझाच" म्हणत दांडी पूर्ण लांब केली, एक पाय काठाच्या दगडावर, दुसरा शेवाळावर. मी म्हणतेय, सोड, बॅगेत आहेत अजून. तोवर पाय गेला. पाणी कमरेएवढंच, पण खाली चिखल. बूट तिथेच राहिला. पुढचे सात होल एका बुटावर खेळला तो. बॉल मिळाला. त्याचा नव्हता.

टप्पा
हिरवे तीन ठिपके होते का?

माळावरची
नाही हो, निळी रेघ होती :)

बंकरवासी
फ्लोरिडासारख्या ठिकाणी तर दांडीसुद्धा काढू नये. काठावर मगर ऊन खात पडलेली असते. नियमाच्या पुस्तकानेही हे गृहीत धरलंय. बॉलजवळ धोकादायक प्राणी असेल तर सहसा दंडाशिवाय दुसरीकडे ड्रॉप मिळतो. पण बॉल आधीच पेनल्टी एरियात असेल तर फुकट ड्रॉपही त्या एरियाच्या आतच घ्यावा लागतो. बाहेर यायचं तर स्ट्रोक द्या. मगरीपेक्षा स्ट्रोक बरा.

पानगळ
तळ्याच्या तळाचं थोडं सांगते. माझा चुलतभाऊ काही वर्षं कोर्सवरच्या तळ्यांतून बॉल काढायचं काम करायचा. आम्हाला वाटायचं, छान निळं पाणी, मासे वगैरे. तो म्हणायचा, वीतभर खाली गेलं की स्वतःचा हात दिसत नाही. डोळे मिटलेले बरे. चिखलात हात घालून चाचपायचं, गोल लागलं की पिशवीत. एका दमात शेकड्यांनी. क्लबही मिळायचे, अख्खे, रागाने भिरकावलेले. बहुतेक पटर (ग्रीनवर बॉल होलकडे ढकलायचा क्लब). एकदा पूर्ण बॅग मिळाली होती.

त्याचं म्हणणं असं की टीवरून नजरेत भरणाऱ्या पाण्यात बॉल असतातच, पण सगळ्यात जास्त बॉल त्याला मिळायचे ग्रीनच्या पुढच्या काठाला, पोचता पोचता राहिलेले. पलीकडच्या काठाला जवळपास नाहीत. म्हणजे जास्त लांब मारून बुडवणारा माणूस विरळाच.

गणिती_किडा
पानगळताई, दंडवत! हेच मला सांगायचं होतं, ते तुमच्या भावाने चिखलात हात घालून सिद्ध केलं. वाचनखूण साठवली.

टेकाड्या
तळं राखील तो पाणी चाखील, पण बॉलही राखील.

कोरडा_पाषाण
जरा वेगळा मुद्दा. पाण्याच्या होलवर बॅगेतून मुद्दाम जुना बॉल काढणारे लोक मला कळत नाहीत. तुम्ही मारायच्या आधीच हाताला सांगताय की हा जाणार आहे.

माळावरची
आणि नवा कोरा ठेवला की हात थरथरतो, त्याचं काय?

कोरडा_पाषाण
मग रोजच नवा खेळा, सवय होईल.

सात_नंबरी
हे ज्यांचे बॉल फुकटात येतात त्यांचं तत्त्वज्ञान. मी जुनाच काढतो. गेला तर वाईट वाटत नाही, पोचला तर दुप्पट आनंद.

बंकरवासी
भीतीचं म्हणाल तर ती हँडिकॅप बघून येत नाही. २०१६ चं मास्टर्स, ऑगस्टाची मोठी स्पर्धा. जॉर्डन स्पीथ नऊ होल्सनंतर पाच स्ट्रोक्सनी पुढे. दहावर बोगी (पारपेक्षा एक जास्त), अकरावर बोगी, बारावर आला. ऑगस्टाचा १२ वा म्हणजे १५५ यार्ड, पुढे रेज क्रीक. पहिला पाण्यात. एवढं चालतं. खरा धक्का पुढचा होता: ड्रॉप घेऊन ऐंशी-एक यार्डांवरून वेज (जवळच्या अंतराचा क्लब), आणि तो फॅट! आपण मारतो तसा. तोही पाण्यात. सात. डॅनी विलेट जिंकला. पहिला बॉल चुकीच्या शॉटने जातो, दुसरा पहिल्यामुळे जातो.

दवबिंदू
हे वाचून मला का कोण जाणे माझी दहावीची गणिताची परीक्षा आठवली.

गणिती_किडा
सॉग्रासच्या १७ व्या होलवर २००७ च्या प्लेयर्स स्पर्धेत पहिल्या एका दिवसात ५० बॉल पाण्यात गेले होते. सगळे जगातले निवडक व्यावसायिक. वारा होता, पण अंतर अवघं १३७ यार्डांच्या आसपास. २००५ मध्ये तिथेच बॉब ट्वेने बारा मारले. चार बॉल पाण्यात म्हणजे आठ, नववा ग्रीनवर, वर तीन पट (पटरचे फटके). हिशेब अगदी चोख बसतो.

टप्पा
चार बुडवूनही वर तीन पट मारले, म्हणजे मन खचलं नव्हतं, पार मोडलं होतं.

बंकरवासी
१९९८ मध्ये बे हिलच्या ६ व्या होलवर जॉन डेलीने अठरा मारले, तेही मी धीर यावा म्हणून सांगतोय. पार ५, होल तळ्याला वळसा घालून जातो. हा गडी वळसा घेईना. पाण्यावरूनच जाणार म्हणून तीन नंबर वुडने एकामागून एक. सहा बॉल.

साळुंकी
ही हट्टाची गोष्ट महत्त्वाची आहे. स्लाइसकर, बेटाच्या होलला ड्रॉप झोन (बॉल बुडाल्यावर पुढचा मारायची ठरवून दिलेली जागा) होता का?

स्लाइसकर
होता. ७० यार्डांवर. पण ग्रूपमधलं कोणी गेलं नाही, मग मी एकटा कसा जाणार? टीवरूनच चार घातले.

साळुंकी
मग १२ पैकी ४ कोर्सने घेतले नाहीत, ग्रूपने घेतले.

टेकाड्या
आयडाहोत कूर दालेन नावाच्या रिसॉर्टवर १४ वा होल आहे, तिथे ग्रीन चक्क तळ्यात तरंगतं. १९९१ पासून. पाण्याखालून केबल आहेत, त्यांनी ग्रीन हलवून अंतर बदलतात, आणि पटिंगला होडीतून नेऊन सोडतात. यूट्यूबवर बघा. आपण चुकलो की ग्रीन सरकलं, हा वाद तिथे रास्त आहे.

कोरडा_पाषाण
गोल्फ आहे की जत्रेतला खेळ?

टेकाड्या
सुट्टीवर गेलेल्याला जत्राच हवी असते हो. हेच पहिल्या प्रश्नाचं उत्तर. घरी येऊन कोणी "फेअरवे फार छान कापले होते" असं सांगतं का? बारा बॉल बुडाले म्हणून हा धागा निघाला.

कोरडा_पाषाण
... हे मात्र खरं.

स्लाइसकर
गणिती_किडा, गृहपाठ केला. दहा बॉल, सात नंबर, एकही माफ नाही. मित्राला पुढे उभं केलं टेकलेली जागा बघायला (बाजूला, घाबरू नका). १४७, १४४, १३८, १३६, १३६, १३१, १२९, १२४, एक ९० आणि एक जो आम्ही लिहिला नाही. म्हणजे १४५ ओलांडणारा दहात एक. मी त्या टीवर सात नंबर घेऊन गप्पा मारत होतो!

गणिती_किडा
आता पाण्यावरून १४५ असेल तर काय घ्याल?

स्लाइसकर
पाच नंबर. किंवा मधल्या टीवरून मारेन.

गणिती_किडा
दुसरं उत्तर पहिलं.

सात_नंबरी
मी टोपणनाव बदलायच्या विचारात आहे.

स्लाइसकर
(पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय. माफी.)

काल जाऊन आलो. आधीच सांगून टाकलं की मी मधल्या टीवरून खेळणार, ज्याला हसायचं त्याने आत्ताच हसून घ्या. दोघं हसले. तिसरा म्हणाला, "मीपण येतो." ४ थ्या होलनंतर हसणाऱ्यांपैकी एक गुपचूप आमच्यात आला.

सविस्तर लिहायचा कंटाळा आलाय, पण: १०१. लिहिलेला, सगळा मोजलेला, ड्रॉप बरोबर जागी. चार बॉल गेले. ७ वा होल मधल्या टीवरून १२८, सहा नंबर घेतला, ग्रीनच्या मागच्या कडेला. दोन पट, पार. पलीकडे इतकी जागा आहे हे मागच्या वेळी दिसलंच नव्हतं, नजर पाण्यातून वर उचललीच नव्हती. ९ वर तीनशे यार्डांच्या पुढे ओढा आडवा आहे. तिथे दुसरा शॉट नऊ नंबरने मारून अलीकडे थांबलो. मित्र म्हणाला, घाबरलास. म्हटलं, हो. त्याचा गेला.

आता १६. टीवरून पहिला पाण्यात. मधल्या टीवरूनही तो होल तसाच दिसतो, बेट काही मोठं होत नाही. सरळ ड्रॉप झोनकडे चालू लागलो. स्पीथची गोष्ट नेमकी तिथेच आठवली, बंकरवासी, तुमचे आभार मानू की काय करू. खिशात हात घातला तर तो परका बॉल हाताला लागला, तीन ठिपक्यांचा. म्हटलं आपला नाहीच, गेला तर गेला. सॅंड वेज, पूर्ण मारला, ग्रीनच्या मधोमध टेकला आणि एक टप्पा घेऊन थांबला. तीन पट मारले ते सोडून द्या.

माळावरची
वा! वा! तीन पट का सोडायचे, तेच तर हवे होते.

साळुंकी
अभिनंदन. आणि तो तिसरा, जो "मीपण येतो" म्हणाला, त्याचं जास्त.

कोरडा_पाषाण
परका बॉल काढला म्हणजे शेवटी जुना बॉलवाल्यांचाच पक्ष घेतलात. असो. १०१ चांगला आहे.

बंकरवासी
स्लाइसकर, एक विचारायचं राहिलंय. ते हिरवे ठिपके एका ओळीत आहेत की त्रिकोणात?

स्लाइसकर
त्रिकोणात. बॉल समोर टेबलावरच आहे. का हो?

बंकरवासी
मग नाही. माझे एका ओळीत असतात. माझा अजून तिथेच आहे.